वाचून दाखवले, बरोबर आहे

बाबा, तुमची पणती कोर्टात कारकून व्हायला निघाली आहे. म्हणजे अजून झाली नाही, परीक्षेचा अर्ज भरला आहे, आणि वाशिमला टायपिंगच्या क्लासला जाणं सोपं पडतं म्हणून गेले सहा महिने माझ्या घरी राहते. आता डिग्री लागते म्हणे. मराठी टायपिंग, इंग्रजी टायपिंग, वरून कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट. तुम्ही नुसते मॅट्रिक होतात आणि तेवढ्यावर तालुका हालवत होतात, हे सांगितलं की हसते. हे पत्र तीच लिहून घेते आहे. मी पलंगावर बसून बोलते, ती खाली चटईवर वही घेऊन बसली आहे. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते. म्हणते, आजी, पत्रात असंच लिहितात. लिही बाई. लिहिणारे लिहितील ते खरं, हे मी तुमच्याच घरात शिकले. पण कोणी बोललेलं असलं तर ते जसंच्या तसं लिही, असं मी तिला बजावलं आहे. तुमचं बोलणं मला धुऊन-पुसून नको.

मागच्या आठवड्यात ती माझ्यासमोर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, एक विचारू? रागावशील तं नाही?" मी म्हटलं, "रागावली तरी तुले काय फरक पडते? विचार." तर म्हणते, "माह्या आईले तू देऊन टाकलं होतं का?" मी विचारलं, "कोण म्हणते?" "आईच म्हणते. कोर्टाच्या कागदावर बाईचा अंगठा हाये म्हणते." बाई म्हणजे मी. तुमची नात मला आई म्हणत नाही. सणावाराला येते, लुगडं आणते, पाया पडते, गोळ्या संपल्या का विचारते, आणि बाई म्हणते. शेजारणीला म्हणावं तसं. मी या पोरीला सांगितलं की अंगठा माझाच, पण तुझ्या पणजोबांनी मला वाचून दाखवलं ते एक, आणि कागदावर होतं ते दुसरंच. तर ही काय म्हणाली असेल? मेथीची काडी मोडली आणि म्हणाली, "पुरावा काय?" बाबा, रक्त तुमचंच आहे. हिला परीक्षेला कशाला बसवतात, उद्यापासून खुर्चीवरच बसवा म्हणावं.

तुमची खुर्ची मला अजून दिसते. वेताची, बसायच्या जागी वेत तुटलेले, आणि त्या भोकावर माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची घडी. तेव्हा वाशिम जिल्हा नव्हता, आपण अकोल्यात मोडत होतो. तालुक्याचं कोर्ट म्हणजे कौलारू इमारत, पुढं लांब व्हरांडा, आणि व्हरांड्यात मेडशीच्या, इंझोरीच्या, कुठकुठच्या एसटीतून उतरलेली माणसं उकिडवी बसलेली. मी रोज दुपारी तुमचा डबा घेऊन यायचे आणि तुमचं जेवण होईस्तोवर खांबाला टेकून बसायचे. आपल्या वस्तीतून त्या व्हरांड्यात तुमच्या आधी गेलेली माणसं एकतर आरोपी होती नाहीतर साक्षीदार. खुर्चीवर बसणारे तुम्ही पहिले. धर्म बदलून आठ-दहा वर्षं झाली होती, तरी काही लोक कागद तुमच्या हातात न देता टेबलाच्या कडेवर ठेवून मागं सरायचे. तुम्ही तो कागद उचलायचात, उजेडात धरायचात, आणि त्यातली चूक काढायचात. "तारीख चुकली. बापाचं नाव राह्यलं. उद्या या." ते उन्हातान्हात परत जायचे. मला लहानपणी वाटायचं, बाबा किती हुशार. आता वाटतं, हुशार होतातच, पण त्यातल्या किती चुका खऱ्या होत्या?

पण एका कामात तुम्ही कधी कोणाला फसवलं नाही, आणि तालुकाभर तुमचं नाव त्यासाठीच होतं. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घ्यायच्या आधी कागद त्याला वाचून दाखवायचा, आणि खाली लिहायचं, वाचून दाखवले, बरोबर आहे. बाकीचे कारकून नुसतंच लिहायचे. अंगठा ओढून शाईत बुडवला की झालं. तुम्ही खरोखर वाचायचात. समोरच्या म्हातारीला जवळ बसवायचात, चष्मा पुसायचात, डाव्या हाताचं पहिलं बोट ओळीखाली ठेवायचात आणि बोट सरकेल तसं वाचायचात. ओळ संपली की बोट एक घर खाली उतरायचं. कागद पालटायच्या आधी कपातल्या ओल्या स्पंजाला बोट लावायचात. म्हातारीला एखादा शब्द कळला नाही तर बोट तिथंच थांबायचं. "पुन्हा वाचू का, माय?" म्हणायचात. मग ते बोट मागं जाऊन पुन्हा ओळीच्या तोंडापासून निघायचं. दुसऱ्याच्या मायला तुम्ही इतक्या मऊ आवाजात बोलायचात की मी डब्याचं झाकण धरून नुसती ऐकत राहायचे. घरी तो आवाज कधी आला नाही. कोर्टातच ठेवून यायचात बहुतेक, स्पंजाच्या कपाशेजारी.

घरी तुम्ही वस्तीतली पोरं संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर जमवायचात आणि पाट्या धरायला लावायचात. माझे दोघं भाऊ पुढच्या रांगेत. आई मी आठ वर्षांची असताना गेली होती, चूल माझ्याकडे होती. एक दिवस भाकरी लवकर उरकून मीही फुटकी पाटी घेऊन मागं जाऊन बसले. तुम्ही शिकवता शिकवता थांबलात. सगळ्यांसमोर म्हणालात, "तुले कायले पाह्यजे व पाटी? चुलीवर लिहायचं हाये का?" पोरं हसली. भाऊही हसले. तुम्ही हसला नाहीत, ते मला जास्त लागलं. तुम्ही खरंच विचारत होतात. मी पाटी घेऊन घरी आले आणि तिच्यावर मीठ वाटलं. चांगली पाटी होती, पुढं कितीतरी वर्षं कामी आली.

मग काही दिवसांनी कळलं की माझ्या अडाणीपणावर तुमचा डोळा होता. कोर्टातली निकाली निघालेली प्रकरणं दाभणानं शिवून, लाल फडक्यात बांधून रेकॉर्डला द्यावी लागायची. त्या गाठोड्याला बस्ता म्हणायचात. काम तुंबलं होतं, आणि कोर्टाचा कागद घरी न्यायची सक्त मनाई. तरी तुम्ही रविवारी पिशवीत घालून आणायचात, वर भाजी पसरून. भाऊ वाचू शकत होते, म्हणून त्यांना हात लावू द्यायचा नाहीत. मला समोर बसवायचात. "तुले अक्षर येत नाही, हे चांगलं हाये," म्हणालात. "या कामाले असाच माणूस पाह्यजे. वाचत नाही, बोलत नाही. हेच तुही डिग्री समज." आणि सुई टोचू नये म्हणून शिंप्याकडून आणलेलं पितळी अंगुस्तान माझ्या बोटात घातलंत. तुम्ही मला दिलेली तेवढीच एक वस्तू. मी तेरा वर्षांची होते आणि मला इतका आनंद झाला होता की भाकरी थापतानाही ते काढलं नव्हतं. लोकांची भांडणं, वाटण्या, मारामाऱ्या, सगळ्यांत मी सुई घातली, एकाही पानाला नजर म्हणून लागली नाही. पोरगी विचारते, "आजी, म्हणजे तू बिनपरीक्षेची कारकून?" हो. आणि बिनखुर्चीची.

लग्न इंझोरीला दिलंत. तीन वर्षांत नवऱ्यानं आणून सोडलं. कारण काय, तर मी उलट बोलते. ते खरं होतं. कडेवर पोर होती, दीड-पावणेदोन वर्षांची. दुष्काळाची वर्षं होती, रेशनची लाल ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला वास यायचा आणि पोर ती थुंकून टाकायची. तुम्ही रागावला नाहीत. त्याहून वाईट केलंत, माझ्याशी बोलणंच बंद केलंत. मग नवऱ्याकडून फारकतीचा अर्ज पडला, आणि पडला तो तुमच्याच कोर्टात. तुम्ही घरी येऊन चपलाही न काढता उभे राहिलात. "माह्या टेबलावर माह्याच पोरीचं प्रकरण," म्हणालात. "ज्याइले दहा वर्षं माही चूक सापडली नाही, त्याइनं आज एकमेकाले डोळे मारले." मी म्हटलं, "मंग मी काय करू? मरू?" तुम्ही म्हणालात, "कोर्टात मरता येत नाही. तडजोड करता येते."

त्याच आठवड्यात तुम्ही एक स्थळ आणलंत. बायको मेलेला, एसटीच्या डेपोत कामाला, पक्कं घर, आणि त्याची दोन लेकरं. तुम्ही सांगितलंत, "तो तयार हाये. पण तिसरं लेकरू नको म्हणते. पोरीसकट कोणी करत नाही." मी म्हटलं, "मंग नको." तुम्ही एवढंच म्हणालात, "पाहू."

रविवार होता. तुम्ही भाजीच्या पिशवीतून कागद काढलात, मला समोर बसवलंत, मांडीवर पोर होती. म्हणालात, "आईक." आणि वाचलंत. नवऱ्याला फारकत मान्य, बायकोला फारकत मान्य. कोणी कोणाच्या वाटेला जायचं नाही. ज्याला दुसरं लग्न करायचं त्यानं करावं. पोरगी आईजवळ राहील. हे शेवटचं तुम्ही दोनदा म्हणालात. मग पॅड पुढं केलंत. माझ्या डाव्या अंगठ्यावर विळीनं कापल्याची खूण आहे, आडवी. म्हणून माझा अंगठा उमटला की मधून पांढरी रेघ जाते, अर्ध्या भाकरीवर सुरी फिरवल्यासारखी. पोरीनं शाईला हात लावला, तुम्ही तिचा हात धुतलात. स्वतः उठून धुतलात. त्याचं मला नवल वाटलं होतं.

कोर्टात मला उभं केलं तेव्हा तुम्ही खुर्चीवर नव्हता, साहेबानं त्या वेळापुरतं दुसऱ्याला बसवलं होतं. साहेब तरुण होता, बाहेरगावचा. त्यानं नीट विचारलं, त्याच्यावर माझा राग नाही. "बाई, हा कागद तुम्हाला वाचून दाखवला?" मी म्हटलं, "हो साहेब." "कोणी?" "माह्या बाबानं." कोर्टात कोणीतरी समाधानानं हुंकारलं. तुम्ही वाचला म्हणजे विषयच संपला. "समजला?" "हो." "मान्य आहे?" "हो." पोर माझ्या खांद्यावर बिस्कीट चोखत होती. साहेबानं तिच्याकडं पाहून काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बाहेर पुढच्याचा पुकारा झाला.

पंधरा दिवसांनी चुलत सासरा आला. मी सुपात ज्वारी घेऊन खडे काढत होते. त्यानं चहा नको म्हटला, खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "पोट्टीचे कपडे बांध. चारची गाडी हाये." मी हसले, बाबा. खरंच हसले. म्हटलं, "मामाजी, भलत्या घरी आले तुमी. पोरगी माह्याजवळ राह्यते, बाबानं वाचलं." तो म्हणाला, "तुह्या बाबानंच तं लिहिलं." त्यानं पोरीला उचललं. ती त्याला ओळखत नव्हती, पण त्याच्या हातात गुळाचा खडा होता. मी त्याचं धोतर धरलं, त्यानं सोडवलं, मी पुन्हा धरलं. मग मला वाटलं, याच्याशी झोंबण्यात वेळ कशाला, बाबा आहेत की कोर्टात. मी सूप तसंच टाकून पळत सुटले.

व्हरांडा भरला होता. तुम्ही एका म्हाताऱ्याला वाचून दाखवत होतात. मी टेबलाला धरून म्हटलं, "बाबा, ते पोरीले नेऊन राह्यले." तुम्ही ओळ पूर्ण केलीत. मग वर पाहिलंत आणि त्या कोर्टातल्या मऊ आवाजात विचारलंत, "कागद पाह्यला?" "मले येते का पाह्यता?" "त्याच्यावर अंगठा कोणाचा हाये?" "माहा." "साहेबानं इचारलं, तवा काय म्हटलं?" "हो म्हटलं. पण तुमीच तं वाचलं मले, पोरगी आईजवळ..." तुम्ही मध्येच म्हणालात, "मी बरोबर वाचलं. तू नीट आइकलं नाही." तेवढं बोलून तुम्ही म्हाताऱ्याच्या कागदावर पुन्हा बोट ठेवलंत. लोक माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत कीव होती, पण संशय कोणाला नव्हता. तुमच्यावर कोण घेणार? अडाणी बाई, घाबरली असेल, ऐकण्यात चुकली असेल.

आवाराच्या कोपऱ्यात अर्ज लिहून देणारा म्हातारा अर्जनवीस बसायचा. चुलत सासरा एसटीची वाट पाहत तिथंच उभा होता, पोर खांद्यावर, गूळ हनुवटीवर. मी अर्जनविसाच्या पाया पडले. त्यानं सासऱ्याच्या हातून कागद घेतला आणि बोट ठेवून वाचला. मुलगी बापाकडे राहील. आई तिच्यावर हक्क सांगणार नाही, भेटायला येणार नाही. खुशीनं लिहून दिलं. खाली तुमचं अक्षर. अर्जनवीस म्हणाला, "काय अक्षर हाये बाप्पा तुह्या बापाचं. मोत्यावानी." मग गाडी आली.

लिहिणाऱ्या पोरीनं इथं पेन खाली ठेवला होता. पाणी पिऊन आली. मी म्हटलं, "झालं तुहं? अजून बस्ता शिवायचा हाये."

कारण तो बस्ताही मीच शिवला ना, बाबा. दोन-अडीच महिन्यांनी, अशाच एका रविवारी. तुम्ही वरची भाजी काढून कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवलात आणि दाढी करायला बसलात. तिसऱ्या की चौथ्या प्रकरणात तो कागद निघाला. मला अक्षर येत नाही, पण माझा अंगठा मला येतो. मधून पांढरी रेघ. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही आरशात होतात, गालाला साबण. आरशातून माझ्याकडे बघत होतात की नव्हता, हे मला आजवर ठरवता आलं नाही. चूल पेटलेली होती, हातभर लांब. तो कागद चुलीत गेला असता तर पोर परत आली नसती, पण तुमची नोकरी गेली असती. रेकॉर्डचा कागद कारकुनाच्या घरी जळाला, एवढं पुरलं असतं. मी अंगुस्तान घातलं आणि शिवला. एक टाका जास्त घातला. तुम्ही तोंड धुऊन आलात, गठ्ठा हातात घेऊन पाहिलात आणि म्हणालात, "चांगलं शिवलं." आयुष्यात एकदाच म्हणालात.

पुढचं लांबवत नाही. डेपोवाल्याशी लग्न झालं. त्याची दोन लेकरं मी वाढवली, शाळेत घातली, धाकटी नापास झाली तेव्हा तिला मारलंही. माझी इंझोरीला वाढली, पाणी भरत, आणि तिथले लोक तिला ती मोठी होईस्तोवर रोज सांगत राहिले की तुझ्या मायनं अंगठा देऊन तुला मोकळं केलं. ते खोटं नव्हतं, म्हणून तर त्याचा काही इलाज नव्हता. ती मला शोधत आली ती तिचं लग्न झाल्यावर. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, मी अमक्याची." तिची हनुवटी बघूनच मी ओळखलं होतं.

तुमचे शिकलेले लेक नागपूर-पुण्याकडे गेले, आणि तुमचे डोळे गेल्यावर तुम्ही माझ्या घरी आलात. अडाणी लेकीच्या. रोज सकाळी पेपर मांडीवर घेऊन बसायचात, वास घ्यायचात. एकदा म्हणालात, "कोणी वाचून दाखवत नाही." मी म्हटलं, "आणा, मी दाखवते." पेपर घेतला, सुलटा होता की उलटा देव जाणे, आणि सुरू केलं. "आज वाशिमात एका रिटायर कारकुनाले जेलात टाकलं. त्यानं आपल्या लेकीले खोटं वाचून दाखवलं व्हतं." तुम्ही ऐकत होतात. "पुढं?" म्हणालात. "पुढं काय, त्याले रोज पेपर वाचायची शिक्षा देली, आणि डोळे काढून घेतले." मला वाटलं रागवाल, रडाल, काहीतरी कराल. तुम्ही म्हणालात, "बोट ठेवून वाच. ओळ चुकते." त्यानंतर मी रोज वाचलं तुम्हाला. रोज नवीन शिक्षा. कधी खुर्ची काढून घेतली, कधी अक्षर बिघडवलं, कधी त्याच म्हाताऱ्यांपुढं उभं केलं. शेजारच्या बाया दारात येऊन ऐकायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. तुम्ही एकही दिवस बस म्हणाला नाहीत. शेवटच्या आजारात मी पेपर बाजूला ठेवून सरळ विचारलं, "बाबा, तवा दुसरंच काहून वाचलं?" ओठ सुकले होते तुमचे, मी पाण्याचा चमचा हातात धरून ठेवला होता आणि उत्तराआधी देणार नव्हते. तुम्ही म्हणालात, "मी बरोबर वाचलं." मग मी पाणी दिलं. थोडं उशिरा दिलं.

परवा ही पोरगी कोर्टात जाऊन आली. नकलेसाठी अर्ज करते म्हणाली, पण तिथल्या बाईनं सांगितलं की इतकी जुनी प्रकरणं मुदत संपल्यावर नियमानं नष्ट करतात. रजिस्टरात एक ओळ उरली आहे, तडजोडीने निकाली. तुमचं अक्षर गेलं, माझा अंगठा गेला, जास्तीचा टाकाही गेला. पोरगी म्हणाली, "आजी, आता तुहा शब्द आणि त्याइचा शब्द." मी म्हटलं, "त्याइचा तं शब्द मेला." "पण लोकं त्याइचाच धरतीन," म्हणाली. हुशार आहे. लागेल नोकरीला.

आत्ता तिनं इथवरचं सगळं वाचून दाखवलं. मी म्हटलं, "बोट ठेवून वाच." हसली. "आजी, आता कोणी बोट ठेवते का?" "मी ठेवाले लावते." ठेवलं तिनं. ओळीखाली सरकत होतं, ओळ संपली की खाली उतरत होतं. शेवटी म्हणाली, "लिहू का खाली? वाचून दाखवले, बरोबर आहे?" मी म्हटलं, थांब. एक राहिलं आहे. पुरावा मागितला होतास ना, तो घे.

बाबा, त्या रविवारी तुमचं बोट ओळीवर नव्हतं. हात कागदावर पालथा होता, सबंध पंजा, आणि डोळे माझ्या डोक्यावरून भिंतीवर. पान पालटलं नाहीत, स्पंज तर घरी नव्हताच. मला अक्षर येत नव्हतं, पण तुमचं बोट मला लहानपणापासून येत होतं, व्हरांड्यात बसून बसून पाठ झालं होतं. तुम्ही वाचत नाही, नुसतं बोलता आहात, हे मला तेव्हाच दिसलं. दोनदा म्हणालात तेव्हा तर पक्कंच झालं. पुन्हा वाचा, एवढं म्हणायचं होतं मला. परक्या म्हाताऱ्या म्हणायच्या. मी म्हटलं नाही. मी वीस वर्षांची होते, डेपोवाल्याच्या घराला पक्क्या भिंती होत्या, आणि न समजता अंगठा देणं मला समजून देण्यापेक्षा सोपं वाटलं. साहेबानं विचारलं तेव्हाही मला ते बोट दिसत होतं. मी हो म्हटलं.

पोरीनं हेही लिहिलं. आता म्हणते, "आजी, हे आईले वाचून दाखवू का?" मी तिला म्हटलं, पानं फाड आणि शिवून ठेव. म्हणाली, "दाभण कुठं हाये ते मले माहीत नाही." मी उठते आहे. डाळीच्या डब्याखाली आहे. अंगुस्तान अजून बोटात बसतं.